निवांत क्षणांची भिंत: पहिलंच भित्तिचित्र करणाऱ्यांसाठी

मुंबईत भिंतींवरची मोठी चित्रं आता नवलाची राहिलेली नाहीत. वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर 2014 साली दादासाहेब फाळके रंगवले गेले. चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवर 2018 साली ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रा यांनी गांधीजी रंगवले. अशी चित्रं लांबून, गाडीतून जाताना मान वर करून बघायची असतात. हा लेख दुसऱ्या प्रकारच्या भिंतीबद्दल आहे: सोसायटीच्या कंपाउंडची, शाळेची किंवा गल्लीच्या वळणावरची पाच-सहा फुटी भिंत, जिला खेटून तीच माणसं रोज जातात-येतात. अशा भिंतीसाठी शहरातल्या निवांत क्षणांइतका चांगला विषय नाही, असं माझं पक्कं मत आहे. इस्त्री विटांवर टेकवून पेपर उघडलेला इस्त्रीवाला, संध्याकाळच्या लोकलमध्ये मांडीवर पिशवी घेऊन भाजी निवडणाऱ्या बायका, डबे पोचवून झाल्यावर स्वतःचा डबा उघडणारे डबेवाले, बसस्टॉपवर वही गुडघ्यावर ठेवून अभ्यास उरकणारी मुलगी. यातलं बरंचसं त्या भिंतीसमोरच घडत असतं.

नवख्या माणसाने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. वहीच्या पानावर शांत दिसणारा क्षण भिंतीवर चढला की आरडाओरडा करायला लागतो. आकार वाढतो, रंग भडक होतात, मोकळी जागा बघवत नाही म्हणून कोणीतरी फुलं सुचवतं, कोणीतरी सुविचार सुचवतं. त्यामुळे खाली जे टप्पे दिले आहेत, त्यात रंगकामाइतकाच भर शांतता टिकवण्यावर आहे.

आधी भिंत, मग चित्र

चित्र डोक्यात तयार ठेवून भिंत शोधायला निघू नका. भिंत निवडा आणि तिला काय पेलतंय ते बघा.

पहिली भिंत अशी घ्या की जमिनीवर उभं राहून किंवा घोड्यावर (दुहेरी शिडीवर) चढून तिच्या वरच्या कडेपर्यंत हात पोचेल. परांची बांधायची वेळ आली की खर्च, परवानग्या आणि धोका, तिन्ही वाढतात. उंचावरचं काम अनुभवी माणसाच्या सोबतीने, सेफ्टी बेल्ट लावूनच करायचं असतं. ते पहिल्या भिंतीवर शिकू नये.

भिंतीचं तोंड कुठे आहे ते बघा. मुंबई-कोकणात पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंती पावसाळ्यात सगळ्यात जास्त भिजतात आणि बाकीच्या दिवसांत दुपारचं ऊनही त्याच खातात. उत्तरेकडची भिंत उन्हापासून वाचते, पण तिथे ओल सुकत नाही आणि शेवाळ धरतं. पूर्वेकडची मिळाली तर सोडू नका.

मग भिंतीजवळ उभे राहून आजूबाजूला बघा. फ्लेक्स कुठे बांधतात? खिळे, सुतळीची टोकं, तारा दिसल्या तर समजा की गणपतीत आणि निवडणुकीत भिंतीचा तेवढा भाग झाकला जाणार. स्कूटर कुठे लागतात, कचऱ्याचा डबा कुठे ठेवतात, पानाच्या पिचकाऱ्या कोणत्या कोपऱ्यात आहेत, वरच्या गच्चीचं पाणी कुठून गळतं, हे सगळं एका कागदावर आखून ठेवा. चित्रातली महत्त्वाची जागा यांपैकी कशाच्याही आड जाता कामा नये.

आणि फुटपाथ मोजा. तीस फूट लांबीच्या भिंतीसमोर फुटपाथ चारच फुटी असेल, तर ते चित्र अख्खं कोणालाच कधी दिसणार नाही. माणूस ते चालत चालत, तिरक्या नजरेने, तुकड्यातुकड्याने बघेल. निवांत विषयाला ही अडचण उलट सोयीची आहे. एकच मोठा देखावा करण्याऐवजी दोन किंवा तीन प्रसंग घ्या आणि त्यांच्यामध्ये भरपूर कोरी भिंत राहू द्या. चालणाऱ्याच्या वाट्याला एका वेळी एकच माणूस यावा.

परवानगी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळता येत नाही. महाराष्ट्रात मालमत्तेचं विरूपण रोखणारा 1995 चा कायदा आहे. चित्र कितीही सुंदर असलं तरी परवानगीशिवाय रंगवलेली भिंत त्याच्या कचाट्यात सापडू शकते. सोसायटीची भिंत असेल तर कमिटीचा ठराव आणि सेक्रेटरीच्या सहीचं ना हरकत पत्र घ्या. तोंडी होकारावर ब्रश उचलू नका, कमिट्या बदलतात. महापालिकेची भिंत असेल तर मुंबईत विभाग कार्यालयात आणि पुण्यात क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करायचा. रेल्वेच्या हद्दीतल्या भिंतीला रेल्वेचीच परवानगी लागते. इमारत वारसा यादीत असेल तर पहिल्या कामासाठी ती सोडून द्या.

सामान्य लोकांच्या हातून सार्वजनिक भिंत रंगवून घेण्याचं मुंबईतलं चांगलं उदाहरण म्हणजे सेनापती बापट मार्ग, ज्याला आपण अजून तुळशी पाइप रोड म्हणतो. तिथली रेल्वेलगतची लांबलचक भिंत 2009 मध्ये वॉल प्रोजेक्ट या उपक्रमाच्या पुढाकाराने, महापालिकेच्या संमतीने, अनेकांनी मिळून रंगवली. अर्जासोबत अशा झालेल्या कामांचे फोटो जोडले की समोरच्या अधिकाऱ्याला आपण काय म्हणतोय ते लवकर कळतं.

पत्रात चार गोष्टी लिहून घ्या: चित्र किमान किती वर्षं राहील, दुरुस्ती कोण करेल, भिंत पाडायची झाली तर आधी किती दिवस कळवतील, आणि चित्राचे फोटो वापरायचा हक्क कोणाकडे. आपल्याकडे पुनर्विकासात कंपाउंडची भिंत सगळ्यात आधी जाते, तेव्हा तिसरा मुद्दा नुसता कागदावरचा नाही. कलाकाराला कायद्याचा आधारही आहे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून टाकलं गेलं. त्यांनी सरकारविरुद्ध दावा लावला. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 खाली कलाकाराचा नैतिक हक्क (काम विकल्यावरही त्याची मोडतोड रोखण्याचा हक्क) मान्य केला आणि पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितली. पण त्याला निकालासाठी किती वर्षं थांबावं लागलं ते बघा. एका पानाचं साधं पत्र त्यापेक्षा सोपं.

बसून बघणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवे लोक इथेच घाई करतात: फोनवर फोटो शोधतात, चहाची किटली, टॅक्सी, लोकल आणि कबुतरं एकत्र करतात आणि त्याला मुंबई म्हणतात. ती चित्रं कुठल्याही हॉटेलात लागू शकतात. तुमच्या भिंतीसमोरचा क्षण तुमच्या भिंतीसमोर बसल्याशिवाय सापडत नाही.

पहाटे दूध-पेपर येतात तेव्हा, सकाळच्या घाईत, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान आणि दिवेलागणीला अशा वेगवेगळ्या वेळी तिथे जाऊन बसा. वही आणि मऊ पेन्सिल एवढंच न्या. निवांतपणाची खरी वेळ दुपारची. शहराचं मोठं काम सकाळी होऊन गेलेलं असतं आणि संध्याकाळचं सुरू व्हायचं असतं. फोटो काढायचाच असेल तर विचारून काढा आणि तो फक्त कपड्यांच्या घड्या, वस्तू, सावल्या आठवण्यापुरता वापरा. फोटो अर्ध्या सेकंदात संपतो. निवांतपणा दहा मिनिटं चालतो, आणि त्या दहा मिनिटांत माणसाचं अंग कसं सैलावत जातं ते स्केच करतानाच कळतं.

काय बघायचं ते एका उदाहरणाने सांगतो. देवळाबाहेर किंवा स्टेशनच्या जिन्याखाली गजरे करणारी बाई बघा. मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्याखाली झाकलेल्या असतात आणि फडक्याचं एकच टोक उचललेलं असतं, लागतील तेवढ्या कळ्या काढण्यापुरतं. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं, त्यामुळे दोरा ताणलेला राहतो आणि दोन्ही हात मोकळे. ती फुलांकडे क्वचितच बघते, बोटांना ते पाठ असतं. नजर कुठेतरी रस्त्याच्या मधोमध. पाठ भिंतीला टेकलेली, एक गुडघा वर, पदर खोचलेला. बाजूला स्टीलच्या ग्लासात चहा, बहुधा निवलेला. या सगळ्यातून चित्र करायला तीनच गोष्टी पुरतात: अंगठ्यापासून बोटांपर्यंत ताणलेला दोरा, ओल्या फडक्याचं उचललेलं टोक आणि भलतीकडे लागलेली नजर. साडीचं डिझाइन, मागचं देऊळ, गिऱ्हाईकं, पाटी, सगळं गाळता येतं.

इस्त्रीवाल्याचंही तसंच. तो कोळशाच्या इस्त्रीचं झाकण उघडतो, राख फुंकतो, इस्त्री विटांवर टेकवतो आणि मग हात टेबलावर टेकून उभा राहतो. त्याचे हात कामासारखे न वागणारे असे ते दोन-चार क्षणच. शर्टांची चळत शेजारी असतेच. ती रंगवायची, तर फक्त वरचा शर्ट नीट काढा आणि बाकीचे नुसत्या आडव्या पट्ट्यांनी दाखवा.

ज्यांना बघताय त्यांच्याशी बोला. तुम्ही काय करताय ते सांगा, स्केच दाखवा. चित्रात ओळखू येईल असा चेहरा ठेवायचा असेल तर त्या व्यक्तीची परवानगी घेतल्याशिवाय ठेवू नका, आणि बायका-मुलांच्या बाबतीत ओळख पटणार नाही इतका बदल करणंच बरं. काही जण नको म्हणतात. मग विषय तिथेच संपवायचा. काही जण म्हणतात, "काढा, पण मला झोपलेला नका दाखवू." ही मागणी मानायची. रस्त्यावर पोट भरणाऱ्या माणसाच्या दमण्याला गोंडस करून भिंतीवर लावणं आणि त्याच्या विश्रांतीला मान देणं यात फार फरक आहे, आणि तो फरक बसलेल्या माणसाच्या पाठीच्या रेषेत दिसतो. कणा सांभाळून बसलेला माणूस स्वतःच्या मर्जीने थांबलेला वाटतो.

या काळात जमलं तर दोन गोष्टी पाहून या. अजिंठ्याचं 17 क्रमांकाचं लेणं: तिथे आरशात बघणारी राजकन्या आहे, दोन्हीकडे दासी, आणि तरी सगळं थांबलेलं. ती आपल्याकडे बघत नाही, आरशात बघते. बघणाऱ्याच्या डोळ्याला डोळा न भिडवणारा चेहरा चित्राला शांत करतो, हे तिथे कळतं. दुसरी गोष्ट म्हणजे वारली चित्रं, विशेषतः जिव्या सोमा म्हसे यांची. दोन त्रिकोण टोकाला जोडून माणूस उभा राहतो आणि चेहरा नसतानाही तो वाकलाय, दमलाय की वाट बघतोय ते समजतं. ती शैली उचलू नका, ती त्या समाजाची आहे. पण माणसाचं अंगच सगळं सांगतं, एवढा धडा घ्या.

आराखडा

हिशोब सोपा ठेवा. समजा भिंत 30 फूट लांब आणि 6 फूट उंच आहे. एक इंच म्हणजे एक फूट धरलं तर 30 इंच लांब आणि 6 इंच उंच कागद लागेल. दोन-तीन कागद जोडून तो तयार करा आणि भिंतीवरच्या सगळ्या खऱ्या वस्तू आधी त्यावर मांडा: पाइप, मीटरचा बॉक्स, फाटक, झाडाचा बुंधा.

माणसं खऱ्या माणसाच्या मापाची ठेवा. सहा फुटी भिंतीवर उभ्या माणसाचं डोकं वरच्या कडेला टेकतं, पण बसलेला माणूस छान मावतो आणि त्याच्या डोक्यावर भिंत उरते. म्हणून कंपाउंडच्या भिंतीला बसलेली माणसं शोभतात. बसलेल्या माणसाचा चेहरा जाणाऱ्याच्या नजरेच्या थोडा खाली येतो, त्यामुळे बघणारा वाकून बघतो. चेहरे दुप्पट-तिप्पट मोठे केले की तेच चित्र जाहिरातीसारखं दिसू लागतं.

जमिनीपासूनचा साधारण एक फूट गडद, साध्या रंगाचा पट्टा म्हणून सोडा. पावसात चिखल तिथेच उडतो, कुत्री तिथेच येतात, स्कूटरचा धूर तिथेच बसतो. कोकणातल्या घरांना खालून गेरूचा पट्टा असायचा तो याच कारणासाठी. आणि हा पट्टा माणसांना बसायला कट्टा म्हणूनही चित्रात वापरता येतो.

किमान अर्धी भिंत कोरी राहिली पाहिजे. कमिटी याला हमखास हरकत घेते: एवढी जागा वाया कशाला घालवता, तिथे "स्वच्छता राखा" लिहा. तेव्हा शांतपणे सांगा की मजकूर आला की लोक वाचून पुढे जातात, चित्र बघत नाहीत. काही ठिकाणी लघवी थांबवायला देवांच्या टाइल्स लावायचा आग्रह होतो. त्यालाही नाही म्हणा. त्या कोपऱ्यात दिवा लावून घ्या, त्याचा जास्त उपयोग होतो.

झाडाच्या सावलीचा विचार आराखड्यातच करा. समोर झाड असेल तर दुपारी चारला त्याची सावली भिंतीवर कुठपर्यंत येते ते खडूने आखून घ्या. तिथे रंगवलेलं वाळत घातलेलं धोतर किंवा चादर असेल, तर खऱ्या पानांची सावली रंगवलेल्या कापडावर हलते. याला एक पैसा लागत नाही.

रंगांची निवड

पाच-सहा रंगांत सगळं काम करा. भिंतीचा मूळ रंग जो ठरेल, समजा फिकट राखाडी किंवा उन्हात विटलेला पिवळा, तो थोडा थोडा प्रत्येक रंगात मिसळा. त्याने सगळे रंग एका घरचे वाटतात. एकच ठिकाण जरा तेज ठेवा: गजऱ्याचा पांढरा, निळ्या ताडपत्रीचा तुकडा, किंवा डब्यावरची लाल खूण. सावल्यांसाठी काळा वापरू नका. मूळ रंगात तांबूस आणि निळा मिसळून सावली करा.

टिकाऊपणाचंही गणित आहे. गेरूसारखे लाल, मातकट पिवळे आणि काळे हे ऑक्साइडचे रंग उन्हात वर्षानुवर्षं टिकतात. भडक गुलाबी, जांभळा, लिंबासारखा पिवळा हे सगळ्यात आधी उडतात. निवांत चित्राला जे रंग लागतात तेच टिकणारे असतात, हा आपला फायदा.

भिंतीची तयारी

चांगलं चित्र वाया जातं ते बहुतेक वेळा इथे. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ कामाला उत्तम. पाऊस थांबल्यावर लगेच सुरू करू नका, भिंत आतून सुकायला वेळ घेते. ओल तपासायला एक फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर थांबा आणि पाणी येतं कुठून ते शोधा. ओल्या भिंतीवर कुठलाही महागडा रंग पोपडे धरणारच. गिलावा नवा असेल तर निदान 28 दिवस जाऊ द्या, नाहीतर सिमेंटचा खार रंग खातो.

जुन्या भिंतीवरून तळहात फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली तर जुना रंग सुटायला आलाय. सुटे पोपडे पत्र्याने खरवडा, तारेच्या ब्रशने घासा, खार फुटला असेल तर कोरडाच झाडून काढा. त्यावर पाणी मारलं तर तो पुन्हा आत मुरतो. शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून स्वच्छ धुवा आणि कडक सुकू द्या. हे करताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि ब्लीचिंग पावडरमध्ये अॅसिड किंवा दुसरं काही मिसळू नका.

भेगा आणि खड्ड्यांत बाहेरच्या कामाची, व्हाइट सिमेंटची लांबी (पुट्टी) भरा. अख्ख्या भिंतीला लांबी ओढून ती गुळगुळीत करायचा आग्रह रंगारी करतात, कारण घरात तशी पद्धत आहे. पावसात तोच थर सुटतो. भिंत थोडी खडबडीत असलेली बरी, रंग धरून ठेवते. लांबी सुकल्यावर पॉलिश पेपर मारा, धूळ पुसा, मग बाहेरच्या भिंतीसाठीचा प्रायमर लावा. तो सुकल्यावर मूळ रंगाचे दोन हात.

साहित्य

बाहेरच्या कामाचं अॅक्रिलिक इमल्शन घ्या. घरातलं स्वस्त डिस्टेंपर इथे चालत नाही. एका लिटरमध्ये दोन हातांचं साधारण 50 चौरस फूट काम होतं, भिंत जास्त खडबडीत असेल तर कमी. आपली भिंत 180 चौरस फुटांची, म्हणजे मूळ रंगाला चार लिटर. मिसळायला पांढरा चार लिटर, बाकीचे रंग एकेक लिटर. छटा करायला स्टेनरच्या बाटल्या मिळतात. डब्यावर जेवढं प्रमाण लिहिलंय त्याहून जास्त स्टेनर घालू नका, रंग नीट सुकत नाही आणि हाताला लागत राहतो. बाहेर चालणारा स्टेनर आहे का हे दुकानात विचारून घ्या.

रोलर एक मोठा, एक चार इंची. चपटे ब्रश चार, दोन आणि एक इंची, आणि रेघेसाठी पातळ गोल ब्रश. जुने झिजलेले ब्रश टाकू नका. कोरड्या ब्रशने कापडाच्या घड्या आणि विटलेली भिंत फार छान निघते. झाकणाचे डबे भरपूर. फुटपाथवर अंथरायला ताडपत्री, कारण फुटपाथवर सांडलेला रंग लोक वर्षभर लक्षात ठेवतात.

वस्तीत जुने पाट्या रंगवणारे पेंटर असतील तर त्यांच्यापैकी एकाला मोबदला देऊन सोबत घ्या. एका श्वासात लांब रेघ ओढायचं जे कसब त्यांच्या हातात आहे ते कुठल्याही वर्गात शिकायला मिळत नाही.

चित्र भिंतीवर नेणं

भिंतीची वरची कड सरळ असेलच असं नाही, रस्त्याला उतार असतो. म्हणून आडवी रेघ पाण्याच्या पारदर्शक नळीने आणि उभी रेघ ओळंब्याने पक्की करा. मग दोरीला खडूची पूड लावा, दोघांनी ताणून धरा आणि मधून टिचकी मारा. सरळ रेघ उमटते. एकेक फुटाचे चौकोन पाडले की 180 चौकोन होतात. कागदावर इंचाचे तेवढेच चौकोन. माणसं असतील तिथे अर्ध्या फुटाचे पाडा, बाकी भिंतीला गरज नाही.

दुसरी रीत फोनवाल्यांना आवडते. भिंतीवर खडूने वेडीवाकडी अक्षरं आणि खुणा भरा, समोरून फोटो काढा आणि फोनमध्ये त्या फोटोवर तुमचं स्केच अर्धपारदर्शक करून ठेवा. स्केचमधला कोपर कोणत्या अक्षराच्या कोणत्या टोकाशी येतो ते बघत बघत काढत जायचं. अरुंद गल्लीत समोरून अख्खा फोटो येत नाही, तिथे चौकोनच बरे.

हात, पायाची बोटं, चेहरा असे नाजूक भाग पूर्ण मापात ब्राउन पेपरवर काढून घ्या. रेषेवर सुईने भोकं पाडा, कागद भिंतीला लावा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटा. ठिपक्यांच्या रांगोळीचा भोकांचा कागद वापरतो त्यातलाच हा प्रकार. मार्कर किंवा बॉलपेनने भिंतीवर कधीही आखू नका. शाई इमल्शनमधून वर येते आणि तीन हात मारले तरी दिसत राहते.

रंगवायला सुरुवात

पश्चिमेच्या भिंतीवर सकाळी काम करा, पूर्वेच्या भिंतीवर दुपारनंतर. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशलाच सुकतो आणि थर नीट बसत नाही. आधी मोठे सपाट आकार भरा: मागची भिंत, कट्टा, कपडे, त्वचा. मग सावल्या, शेवटी उजेड. सगळी भिंत एकदम पुढे न्या. एकाच चेहऱ्यावर दिवस घालवला तर तो बाकीच्या चित्रापासून तुटतो.

वरचेवर रस्ता ओलांडून समोरून बघा. जवळून अपुरी वाटणारी जागा समोरून पुरी असते, हे हमखास होतं. बाह्यरेषा सगळीकडे काळ्या काढायचा मोह टाळा. उजेडाच्या बाजूला कड मूळ रंगात विरघळू द्या, फक्त वजन पडतं तिथे रेघ ठळक करा: टेकलेली पाठ, कट्ट्यावर ठेवलेला तळहात.

काम चालू असताना लोक थांबतील आणि बोलतील. हा त्रास समजू नका. गजरेवालीच्या हातातला दोरा चुकीच्या बाजूने वळवलाय हे तुम्हाला दुसरं कोण सांगणार? मुलांना ब्रश हवा असतो. त्यांना खालचा पट्टा द्या. ज्यांनी भिंतीचा हातभर भाग रंगवलाय ती मुलं पुढे तिथे कोणाला थुंकू देत नाहीत. फुलं, मोर, देशभक्तीच्या ओळी अशा सूचना मात्र येतच राहतील. ऐकून घ्या, आभार माना आणि कागदावरचा आराखडा दाखवा. ठरलेला आराखडा भिंतीशेजारी चिकटवून ठेवला तर हे बोलणं पुष्कळ कमी होतं.

सही लहान, खालच्या कोपऱ्यात, सालासकट. मदत करणाऱ्यांची नावं त्यांना विचारून त्याच आकारात लिहा. पैसे देणाऱ्याचा लोगो हवा असेल तर तो चित्रात न आणता फाटकाजवळच्या वेगळ्या पाटीवर घ्यायचं आधीच ठरवा.

नंतरची निगा

पारदर्शक कोट लावायचा का, हा प्रश्न सगळे विचारतात. जिथे हात लागतात, थुंकी पडते तिथे मॅट फिनिशचा, पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक कोट लावा, म्हणजे पुसता येतं. ज्या भिंतीत थोडीशीही ओल आहे तिथे लावू नका. आतलं पाणी कोंडतं आणि रंगासकट सगळं सुटून येतं. चकाकणारा कोट तर कुठेच नको, दुपारच्या उन्हात चित्र दिसत नाही, नुसती भिंत चमकते.

पहिल्या पावसात भिंतीसमोर जाऊन पाणी कुठून ओघळतंय ते बघून या. वरच्या कडेला सिमेंटची उतरती पट्टी नसेल तर ओघळ चेहऱ्यांवरच येतात. ही पट्टी गवंड्याकडून आधीच करून घेतलेली बरी. पावसाळा संपल्यावर मऊ ब्रशने, साध्या पाण्याने शेवाळ आणि धूळ काढा, प्रेशरचा पाइप लावू नका.

उरलेले रंग लहान बाटल्यांत काठोकाठ भरा, कारण हवा राहिली तर साय धरते. बाटलीवर कोणत्या भागाचा रंग ते लिहा आणि सोसायटीत वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा. दुरुस्ती करताना डागापुरता रंग लावला तर तो ठिगळासारखा दिसतो, कारण भोवतालचा रंग उन्हाने उतरलेला असतो. त्या आकाराच्या कडेपर्यंत अख्खा भाग पुन्हा रंगवा: बाहीवर डाग असेल तर सगळी बाही, कट्ट्यावर असेल तर पुढच्या रेषेपर्यंतचा कट्टा.